डेमोतला आवाज

सोमवार, १६ जून

पंधरा मिनिटांत एखाद्या मुलाच्या गळ्यात गाणं आहे की नाही, हे कसं ओळखायचं? मला ओळखता येत नाही. बी.ए.ला संगीत घेतलं, विशारद केलं, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, तरी येत नाही.

आज जी जी आई आली तिनं मला हेच विचारलं, "हिच्यात काही आहे का हो मॅडम?" मी तोंड उघडायच्या आत क्लासचे मालक अजिंक्य सर म्हणाले, "काही आहे म्हणजे? देवाची देणगी आहे!" पुढच्या मुलालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही. शब्द तेच आणि "देवाची" म्हणण्याआधी घेतलेला श्वासही तोच. एक मुलगा तर सबंध वेळ टेबलाखाली लपून बसला होता. त्यालाही देणगी.

शाळा सुरू झाल्या, म्हणजे डेमोचा हंगाम. पहिला धडा फुकट, तो झाला की मुलानं नाव घातलं पाहिजे. सरांचं बोलणं शेतकऱ्यासारखं आहे: "डेमो पेरून उपयोग नाही सुकन्या, उगवलं पाहिजे."

संध्याकाळी मला त्या शब्दांची शिसारी आली. मग वाटलं, मी नवी आहे, एवढ्यात नाक मुरडणारी मी कोण?

बुधवार, १८ जून

आज गंडा पाहिला.

डेमो संपला की सर समई लावतात, हार्मोनियमला कुंकू लावतात, नारळ फोडतात आणि मुलाच्या मनगटावर लाल दोरा बांधतात. गंडाबंधन. गुरूनं शिष्य आपला केला. आई-बाप हात जोडून उभे राहतात. फीचं बोलणं त्यानंतर. एक गृहस्थ जिन्यात बायकोला म्हणाले, "महाग आहे गं." ती म्हणाली, "आता दोरा बांधलाय, नाही कसं म्हणायचं? अपशकुन होईल." ते परत वर आले.

सांगोल्याच्या मानसिंग मास्तरांकडे मी लहानपणापासून शिकले. आप्पा त्यांना शेळीचं दूध नेऊन द्यायचे, तीच माझी फी. मी एकदा विचारलं होतं, "मास्तर, मला गंडा कधी बांधणार?" ते हसले. "गंडा मागायचा नसतो पोरी. मी तुला शिष्य म्हणायचं धाडस करीन, त्या दिवशी बांधीन." मास्तर गेले. माझं मनगट मोकळंच राहिलं.

मी सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "छान आठवण आहे. पण ते गुरू मुलाला बांधायचे. आपण पालकाला बांधतो." आणि दोऱ्याचं नवीन बंडल माझ्या हातात दिलं, तुकडे कापायला. मी कापले. बोटांना लाल रंग लागला तो साबणानंही निघाला नाही. जेवताना घास उचलावासा वाटेना.

शुक्रवार, २० जून

आज मात्र बरं वाटलं. सरांनी माझ्या आवाजाची स्तुती केली. माझ्याआधी इथे गुरु नावाचा एक जण शिकवायचा, त्याला काढलं. "त्याचा आवाज जाड. मुलं बिचकायची. तुझा ऐक. डोळे मिटले तर दुसरीतलं पोर गातंय असं वाटतं." कॉलेजात याच आवाजाला मुली 'पिपाणी' म्हणायच्या.

डेमोच्या शेवटी सर मुलाचा व्हिडिओ काढतात आणि पालकांच्या फोनवर पाठवतात. त्या वेळी मी मुलाच्या बरोबरीनं, त्याच्याच पट्टीत, हळू गायचं. त्यानं मुलाला धीर येतो. मी कॅमेऱ्यात येत नाही, पडद्याच्या कडेला बसते. माईक माझ्या बाजूला असतो. मुलाच्या पुढे का नाही, असं विचारलं तर सर म्हणाले, "कारटी माईक चाटतात." हे खरं आहे. माईकवरच्या स्पंजाला आंबलेल्या बिस्किटाचा वास येतो.

मुलाला धीर देणं हे चांगलं काम आहे. इथे निदान एक गोष्ट अशी आहे की जिची मला किळस येत नाही.

रविवार, २२ जून

आज होटगीहून शिवम्मा आली, आठ वर्षांच्या काव्याला घेऊन. नवरा सिद्धप्पा रेल्वेत गँगमन. बाई दारातच चपला हातात घेऊन उभी. "आत येऊ का वो अक्का? फरशी लई पांडरी हाय."

"या की. चपला तिथंच ठेवा."

"चोरीला गेल्या तर? नव्या हायत." शेवटी चपला पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसली. मला आमची आई आठवली.

काव्या गप्प पोरगी. पण काय लक्ष! मी तोंड उघडलं की तिचे डोळे माझ्या ओठांवर. मान थोडी डावीकडे वळवून, उजवा गाल पुढे करून ऐकते. मी 'सा' म्हटला की तिचे ओठ माझ्याबरोबर हलायला लागतात. इतकी एकाग्र मुलगी मी पाहिली नाही.

व्हिडिओ झाला. भूपाचा आरोह घेतला, साधाच. सरांनी शिवम्माच्या फोनवर पाठवला. ती फोन कानाशी धरून ऐकत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी. "आमच्यात कुनी गात न्हाय वो. हिच्यात कुटनं आलं ह्ये?"

"देवाची देणगी," सर म्हणाले. आज पहिल्यांदा मला ते खोटं वाटलं नाही.

दोरा बांधून झाल्यावर शिवम्मानं पोरीला सगळ्यांच्या पाया पडायला लावलं. माझ्याही. मी पाय मागे घेतले.

शुक्रवार, २७ जून

वीट आला. डेमोत गोड गायलेली मुलं वर्गात बसली की फुटक्या घागरीसारखी का वाजतात? एक नाही, सगळी. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "दृष्ट लागते. चालायचंच."

काव्याचं तर काय करावं कळेना. सुराच्या वाटेलाच जात नाही. आपल्याच एका जाडसर सुरावर ती डुलत राहते. बाकीची पोरं हसतात. ती पण हसते, त्यांचं बघून, जरा उशिरा. डेमोच्या दिवशी ही मुलगी कशी गायली होती! म्हणजे माझ्या शिकवण्यातच खोट आहे. मुलं येतात सुरेल आणि माझ्या हाताखाली बेसूर होतात.

सोमवार, ३० जून

आईचा फोन. "गावात समद्यास्नी सांगितलंय, आमची सुकन्या सोलापुरात गान्याची मास्तरीन झाली म्हून. सरपंचाच्या बायकूनं इचारलं, तिचं गानं टीव्हीवर कवा?"

"आई, टीव्हीवर नाही गं येत असं."

"येतंय येतंय. तू नीट काम कर. सरास्नी उलटं बोलू नगंस. आप्पाला देऊ का?"

आप्पा फोनवर फक्त "व्हय, व्हय" म्हणतात. मागे मेंढरांचा गलका. फोन ठेवल्यावरही तो कानात राहिला.

बुधवार, २ जुलै

फळ्यावर सूर लिहीत होते. पाठ वर्गाकडे. तशीच म्हणाले, "चला, सगळ्यांनी सा." सगळ्यांनी लावला. वळून पाहिलं तर काव्या खिडकीबाहेर बघत होती. मी हाक मारली, "काव्या." पुन्हा मारली, मोठ्यानं. शेजारच्या पोरीनं कोपर मारलं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच माझ्या ओठांकडे.

आमच्या कळपात एकदा एक कोकरू होतं. सांजेला मेंढ्या वाड्यावर आल्या की सगळी कोकरं आईच्या हाकेसरशी सुटायची. ते एकटं उभं राहायचं. दुसरी पळाली की त्यांचं बघून पळायचं आणि भलत्याच मेंढीला लुचायला जायचं. त्याला ऐकू येत नव्हतं. मी लहानपणी ते रोज पाहिलं. आणि इथे पदवी घेऊन बसले, तर त्याला एकाग्रता म्हणाले.

वर्ग सुटल्यावर सरांना सांगितलं. त्यांनी फोन खाली ठेवला नाही. "आपण डॉक्टर आहोत का?"

"नाही, पण तिच्या आईला सांगायला पाहिजे."

"आणि ती मुलीला काढेल. गुरुपौर्णिमेला कार्यक्रम आहे, लोक बघायला येणार आहेत. त्यानंतर बघू. आणि बहिरं पोर असं सुरात गाईल का गं? तिचा डेमो आठव."

मी आठवला. खरंच, बहिरं पोर असं कसं गाईल? मी फळा पुसायला लागले.

शनिवार, ५ जुलै



शिवम्मा काव्याला न्यायला आली. मी तिला जिन्यात बाजूला घेतलं आणि म्हणाले, "अक्का, हिचा कान एकदा दाखवून घ्या."

ती हसली. "तुमी बी तसंच म्हनताव? शाळंतल्या बाई बी म्हनत हुत्या. हिला आयकू येत न्हाय, तपासा म्हून. मग हिच्या बापानं काय केलं म्हाइती हाय? बाईंच्या म्होरं ह्यो व्हिडो लावला. म्हनला, बगा, आयकू येत नसंल तर पोरगी अशी गाईल व्हय? बाई गप बसल्या की!"

आणि तिनं तो व्हिडिओ लावला. मी तो आजवर ऐकला नव्हता. सर आपल्या फोनवरून पाठवतात.

काव्याचे ओठ हलत होते. गोड, बारीक, सुरेल आवाज येत होता. मी म्हणणारच होते की खरंच किती छान गायलीस. तेवढ्यात आवाज धैवतावरून वरच्या सा वर गेला. सरळ गेला नाही, झोका घेऊन गेला. आमच्याकडे बिरोबाच्या ओव्या म्हणताना घेतात तसा. मानसिंग मास्तर त्यासाठी मला किती रागवायचे. "ओवीचा झोका ओवीत ठेव, भूपात आणू नको." तो माझा झोका होता.

शिवम्मा माझ्या तोंडाकडे कौतुकानं बघत होती.

मी वर आले, बेसिनपाशी गेले आणि ओकले. घशात बोट घालून तो आवाज बाहेर काढता आला असता तर काढला असता.

रविवार, ६ जुलै

सरांना विचारलं. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान खोटं बोलतील. ते समजावायला लागले.

"फोटो काढताना पोराच्या गालाला पावडर लावतोच ना आपण? ही गळ्याची पावडर. पालक खूश, पोर खूश."

"सर, त्या मुलीला ऐकू येत नाही. आणि माझ्या आवाजामुळे तिचा बाप ते मानत नाही."

"तुझा आवाज फुकट घेतला का मी? पगार घेतेस ना? गुरु पण असाच तत्त्वं सांगायचा. तो आता लग्नाच्या बँडमध्ये आहे." मग एकदम मऊ आवाजात, "गुरुपौर्णिमेला सगळी मुलं स्टेजवर उभी करायची आहेत. तू ट्रॅक रेकॉर्ड करून दे. मुलं नुसतं तोंड हलवतील. त्यानंतर तुला कायम करतो. वरिष्ठ शिक्षिका. पाटी लावू."

मी हो म्हणाले.

इथे कुणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहिते. आईनं गावभर सांगितलंय हे मनात आलं, आणि पाटीवर माझं नाव कसं दिसेल हे पण आलं. सरांची किळस यायला हवी होती. ती आली, पण तिच्याहून मोठी माझीच आली.

सोमवार, ७ जुलै

ट्रॅक रेकॉर्ड केला. सगळ्या मुलांचा आवाज मी एकटीच. सर म्हणाले, "अजून थोडं लहान हो. अजून लहान." मी इतकी लहान झाले की आरशात बघवेना.

खोलीवर माझ्याबरोबर राहणाऱ्या सोनमला सांगितलं. ती नर्सिंग करते. ती म्हणाली, "तू रडत बस. तिकडे पोरीचे बोलायचे-शिकायचे दिवस चाललेत. सिव्हिलमध्ये सकाळी केसपेपर काढायचा आणि कानाची तपासणी करायची, एवढंच आहे. त्यात तुझं गाणं कुठे आलं?"

मंगळवार, ८ जुलै

होटगीला जाऊन आले.

रेल्वेच्या चाळीत त्यांचं घर. सिद्धप्पा नुकताच कामावरून आलेला, अंगणात पाय धूत होता. मी कानाचं बोलले, तो तडकला.

"तुमीच म्हनलाव देनगी हाय. आता तुमीच म्हनताव भैरी हाय. आमी खेड्यातली म्हून कायबी सांगायचं व्हय?"

"भाऊ, चूक माझी आहे. एकदा दाखवते, मग मला हाकलून द्या."

काव्याला अंगणात पाठमोरी उभी केली. मी मागून गायला लागले. ती कोंबड्यांकडे बघत राहिली. मी आवाज चढवला. शेजारणी दारात आल्या. काव्या वाकून दगड उचलायला लागली.

"खेळाच्या नादात हाय पोर," सिद्धप्पा म्हणाला. तेवढ्यात मालगाडी आली आणि तिनं भोंगा दिला, कोंबड्या उधळल्या. काव्या दगडच निवडत होती.

"बघा," मी म्हणाले.

"त्ये कायमचंच हाय. भोंग्याला ती दचकतच न्हाय. रेल्वेवाल्याची पोर हाय, पाळन्यापासनं..." तो बोलता बोलता थांबला. ओल्या पायांनी तसाच उभा राहिला. मग आपणहून तिच्या मागे गेला, वाकला आणि म्हणाला, "काव्या, इल्ली बा." ये इकडे. लेक वळली नाही.

मग मी शिवम्माला व्हिडिओ लावायला सांगितला आणि तो चालू असताना स्वतः गायले. तोच आरोह. दोन्ही आवाज एकावर एक बसले.

"म्हंजी ह्यो आवाज तुमचा?" सिद्धप्पा म्हणाला.

"माझा."

"मग आमची पोरगी कुटं हाय ह्यात?"

मला वाटलं तो मारेल. पण तो खरंच विचारत होता. आम्ही पुन्हा लावला. फोन कानाला घट्ट धरला तर माझ्या आवाजाखाली, दूर, एक जाडसर डुलणारा सूर होता. एकाच जागी, धरून ठेवलेला. "हा," मी म्हणाले. शिवम्मानं फोन घेतला आणि तेवढंच ऐकण्यासाठी पुन्हा पुन्हा लावत राहिली. त्या दिवशी ती माझ्या आवाजावर रडली होती. आज लेकीच्या आवाजावर रडली नाही, नुसती ऐकत राहिली.

निघताना हळूच म्हणाली, "उद्या येतो दवाखान्यात. पर अक्का, दोरा बांदलाय की हातात. मधीच सोडलं तर पाप लागंल न्हवं?"

घामानं आणि मातीनं काळपट झाला होता तो. मी काव्याचं मनगट पुढे घेतलं. गाठ सरांनी पक्की मारली होती, नखांनी सुटेना. दातांनी सोडली. तोंडात कुंकवाची आणि मळाची चव आली. म्हणाले, "पाप असलं तर माझ्या तोंडात गेलं."

सिद्धप्पा म्हणाला, "चूळ भरा," आणि तांब्या पुढे केला.

बुधवार, ९ जुलै

सिव्हिलमध्ये सबंध सकाळ गेली. क्लासला जाणार नाही म्हणून सरांना कळवलं नाही. सोनम मधल्या सुट्टीत येऊन रांग दाखवून गेली.

डाव्या कानात जवळजवळ काही नाही. उजव्यात थोडं आहे. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, यंत्र लावलं तर बरंच ऐकू येईल, अजून आधी आणायला हवं होतं, पण वेळ गेलेली नाही. सिद्धप्पानं विचारलं, "गाता येईल व्हय?" त्या म्हणाल्या, "आधी बोलू द्या हो तिला नीट."

काव्याच्या कानावर तपासणीची यंत्रं ठेवली, तेव्हा तिनं एका आवाजाला एकदम हात वर केला आणि सगळ्यांकडे बघून हसली. या वेळी कुणाचं बघून नाही. सगळ्यात आधी तीच.

गुरुवार, १० जुलै. गुरुपौर्णिमा

सकाळी आंघोळ करून मानसिंग मास्तरांच्या फोटोला फूल वाहिलं. त्यांच्यापुढे बसून भूपाचा आरोह गायले, डेमोत गाते तसाच, लहान आवाजात. झोका घेतला. मास्तर, आजच्या दिवस रागवू नका. तो फोनवर रेकॉर्ड केला.

क्लासच्या पालकांचा ग्रुप आहे. रोजचा सराव त्यावर मीच टाकते, त्यामुळे सगळे माझा निरोप उघडतात. मी कुणाचं नाव घेतलं नाही, रागाचा एक शब्दही लिहिला नाही. आवाज टाकला आणि खाली लिहिलं: "हा आवाज माझा, सुकन्याचा आहे. तुमच्या मुलाच्या डेमोच्या व्हिडिओत हाच आवाज आहे. आज मुलाला जवळ बसवून एकट्याला गायला सांगा. जसं गाईल तसं, तो त्याचा आवाज. मूल हाकेला वळत नसेल तर गाणं बाजूला ठेवा आणि आधी कान दाखवा."

सरांना वेगळं लिहिलं, की ट्रॅकवरचा आवाज वापरायला माझी परवानगी नाही.

मग आईला फोन केला. म्हणाले, "मास्तरीन नाही राहिले गं मी."  ती म्हणाली, "सरास्नी उलटं बोललीस व्हय?"

"बोलले नाही. गायले."

"मग टीव्हीवर न्हाई येत?"

"नाही."

"बरं. जेवलीस का?"

त्यानंतर जुळे सोलापूरला, क्लासवर गेले. अजून कुणी उघडला नव्हता, जिन्यात झेंडूच्या माळा आणून टाकल्या होत्या. दोऱ्याचं उरलेलं बंडल माझ्या पिशवीत होतं, ते दाराच्या कडीला अडकवलं. क्लासची किल्ली खालच्या चष्म्याच्या दुकानात दिली आणि आले.